जुन्या गेमचा कैवारी

हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवणारा नचिकेत यूट्यूबवर छातीठोकपणे सांगायचा, "नवे गेम म्हणजे नुसता झगमगाट. जादूगार-राक्षसांचे जुने गेम विकत घ्या, त्यांत जीव आहे!" एकाने विचारलं, "सर, तुम्ही शेवटचा कधी खेळलात?" मग इज्जत राखायला त्याने रविवारी लाइव्ह खेळायचं जाहीर केलं.

त्याचा चिलखती शूरवीर पहिल्याच तळघरात शिरला आणि एका उंदराने त्याला लोळवलं. पुन्हा शिरला, पुन्हा मेला. शेजारी बसलेली बायको रेवती हसू दाबत म्हणाली, "अहो, उंदराशी काहून भिडून राहिले? तळघराच्या दारात उभ्या त्या म्हातारीला विचारा की."

"तिची लांबण कोण वाचणार?" नचिकेत खेकसला.

रेवतीने माऊस ओढून घेतला आणि म्हातारीचं सगळं गाऱ्हाणं वाचलं. तिचं मांजर झाडावर अडकलं होतं. ते उतरवून रेवतीने तळघरात सोडलं, तसा उंदीर पसार झाला. बघणारे वाहवा करू लागले, तेव्हा नचिकेतने कॅमेराच बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा व्हिडिओ टाकला: जुन्या गेममध्ये आता काही राम राहिला नाही. त्या वेळी आतल्या खोलीत रेवती राक्षसांच्या राजाशी तह करत होती.