उलट्या लवेचा कोट

तुमच्या अंगावरचा सदरा कुणीतरी आधी कापला आणि मग शिवला. शिवणाऱ्याचं नाव होतं, कापणारीला कोण विचारतं? ती कापणारी मी, शिंप्याची कात्री. जरा बसा. माझं तोंड आधीच धारदार, त्यात आज बोलायचं ठरवलंय.

लोहाराने माझी दोन पाती वेगवेगळी घडवली, मध्ये एक खिळा ठोकला आणि आमचं लग्न लावून दिलं. तेव्हापासून जवळ यायचं, एकमेकांना घासायचं आणि पुन्हा लांब व्हायचं, असा आमचा संसार चालू आहे. तक्रार नाही. माणसांचेही बघितलेत.

मला विकत घेतलं ते अब्बांच्या अब्बांनी. त्यांच्यामागे मी आताच्या शिंप्याच्या, म्हणजे अब्बांच्या हाती आले. दुकान रस्त्याला लागूनच. पुढे काचेचा काउंटर, मागे कापायचं लांब मेज, खिडकीखाली दोन मशिनी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कापड बेतायचे पुठ्ठ्याचे फर्मे. माझ्याने कागद कापायचा नाही, हा तिथला कायदा. कागदाने धार मरते. हा कायदा मोडल्याबद्दल लहानपणी एकीच्याच पाठीत धपाटा बसला होता, ती म्हणजे अब्बांची धाकटी.

थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या. अम्मी बिचारी लवकरच गेली. राहिली ती धाकटी. सगळे तिला टाचणी म्हणत. अंगाने तशीच, बोलणं तसंच, आणि ओठांत सदान्‌कदा दोन टाचण्या धरलेल्या. गिऱ्हाइकाने “कमरेत थोडं सैल ठेवा” म्हटलं की ही टाचण्यांमधूनच म्हणायची, “कंबर थोडी कमी करा, मी सैल ठेवलंच आहे.” अब्बा वरवर डोळे वटारायचे आणि मेजाकडे वळून हसायचे.

अब्बांची नजर अधू होत गेली तशी मी टाचणीच्या हातात जास्त राहू लागले. हात असा की कापड तिला घाबरायचं नाही. पण शाळेचे गणवेश बेतून बेतून तिला वीट आला होता. तिला नाटकांचे पोशाख बेतायचे होते. घेरदार झगे, उंच गळ्यांचे कोट, राजांचे अंगरखे. मोठ्या शहरात हे शिकवणारी एक संस्था होती. प्रवेशासाठी अट एकच, कोट स्वतः बेतून, स्वतः शिवून घेऊन यायचं.

आणि दुसरी एक गोष्ट होती, तिचं नाव अस्तरवाला. घाऊक अस्तरवाल्यांचा मुलगा. आठवड्याला एकदा मोटरसायकलवर गठ्ठे बांधून यायचा. चार मीटर अस्तर मोजायला त्याला इतका वेळ लागायचा की मला वाटे, हा माणूस मीटर विसरला असावा. त्यांची नवी पेढी त्याच मोठ्या शहरात निघणार होती. “तुला जागा मिळाली की घरच्यांना मागणी घालायला पाठवतो,” असं तो तिला म्हणाला, तेव्हा मी मेजावरच होते. ती म्हणाली, “आधी अस्तर नीट मोज.” पण कान लाल झाले होते.

कोटासाठी मखमल त्यानेच आणली. गर्द हिरवी, ताग्यातला शेवटचा तुकडा. तसं कापड पुन्हा मिळणार नव्हतं.

आता मखमलीचं एक सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मखमलीला लव असते. हात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. कोटाचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात. एखादा उलटा कापला तर तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा दिसतो, चोरून दुसऱ्या कोटाचा लावल्यासारखा. साध्या कापडात ही भानगड नसते. तिथे शिंपी फर्मा उलटा ठेवून कापड वाचवतात. अब्बांची सारी हयात असं कापड वाचवण्यात गेली.

त्या दुपारी टाचणी पाठ, बाह्या आणि पुढचा उजवा भाग कापून नमाजला आत गेली. अब्बा मेजापाशी आले. त्यांनी मला उचललं. हात आनंदात होता, मला ते कळतं. डाव्या भागाचा फर्मा त्यांनी सवयीने फिरवला आणि खालचं टोक वर करून मांडला. मी कापत गेले. मला कुठे थांबता येतं?

ती बाहेर आली तर अब्बा तुकडा दोन्ही हातांत धरून उभे. “बघ, डावा भाग कापून ठेवला. वीतभर मखमल वाचवली. अजून येतं म्हटलं मला. तू खुशाल जा, दुकानाची काळजी करू नकोस.”

तिने तुकडा घेतला. त्यावरून एकदाच तळवा फिरवला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. राग नाही, रडू नाही. दिवा मालवावा तसं काहीतरी आत मालवलं आणि ती म्हणाली, “छान झालंय, अब्बा.”

काय सांगणार होती ती? तुमची नजर गेली, हे? ते ऐकून तो माणूस मेजापाशी पुन्हा उभा राहिला नसता. आणि न सांगता गेली असती तर पहिल्याच महिन्यात कुणाचंतरी कापड वाया घालवून त्याने चारचौघांत शोभा करून घेतली असती. दोन्हीकडून तीच अडकली. मदतीला एखादा कारागीर ठेवा म्हणून तिने पूर्वी कितीदा सुचवलं होतं. या मेजावर परका हात चालणार नाही, असं अब्बांचं ठाम मत.

कोट तिने तसाच शिवला. आणि इतका मन लावून शिवला की मला चीड आली.

अवजारं सोबत आणायची होती, म्हणून मीही तिच्या पिशवीतून संस्थेत गेले. तिथल्या बाईंनी कोट पुतळ्यावर चढवून खिडकीपाशी नेला. उजवी बाजू उजळ, डावी जवळजवळ काळी.

“लव उलटी आहे. दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं.”

“शिवण इतकी सुरेख आहे म्हणून विचारते. हा भाग तुम्हीच कापला?”

बाईंनी दार उघडं ठेवलं होतं हो. खरं एक वाक्य पुरलं असतं. ती म्हणाली, “मीच कापला.”

“मग पुढच्या वर्षी या,” बाई म्हणाल्या.

अब्बांना तिने सांगितलं की जागा भरल्या. अब्बांनी संस्थेवर तोंडसुख घेतलं. अस्तरवाला आला, कोटातली चूक त्याने एका नजरेत ओळखली. कापडाच्या धंद्यातला माणूस तो.

“हे तुझं काम नाही.”

“माझंच आहे.”

“मलाही खोटं सांगणार?”

ती काज करत राहिली. तो गठ्ठा ठेवून गेला. पुढे अस्तर घेऊन त्यांचा नोकर येऊ लागला. त्याला मोजायला वेळ लागत नाही.

ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. गणवेश, गणवेश आणि गणवेश. टाचणी कुणाला टोमणा मारेना. गिऱ्हाईक सैल म्हणालं तर सैल, घट्ट म्हणालं तर घट्ट. जेवायची, नमाज पढायची, झोपायची. अब्बा म्हणायचे, पोर किती शहाणी झाली.

मग एके सकाळी अब्बांनी तो कोट वाफ द्यायला म्हणून खाली उतरवला. नजर गेली असेल, तळवा जिवंत होता. उजवीकडून हात सरळ खाली आला. डावीकडे अडखळला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडखळला. इस्त्री चर्र करत होती, ती बंद करायचं भान त्यांना राहिलं नाही. ते स्टुलावर बसले, कोट मांडीवर घेऊन.

चार दिवसांत दुकानात कारागीर आला. बाहेरचा, परका, जाड अंगठ्याचा. अब्बांनी स्वतः मला उचलून त्याच्या हातात दिलं. मग टाचणीकडे न बघता म्हणाले, “यंदाचे अर्ज निघाले असतील ना?”

“निघालेत.”

“भर मग. नवं कापड आणू. या खेपेला मी हात लावणार नाही.”

तिला सगळं कळलं. मानही वर न करता ती म्हणाली, “नको, अब्बा.”

“का गं?”

“काही नाही. आता जावंसं वाटत नाही.”

कुढत म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच म्हणत होती.

मी आता परक्या अंगठ्यात आहे. हात वाईट नाही, धारही अजून आहे. समोर ती शिवत बसते, अब्बा तिच्याकडे बघत बसतात. पोरी, माझं एवढं ऐक. एकदा भांड. अब्बांशी भांड, त्या अस्तरवाल्याच्या दारात जाऊन भांड, मला उचलून फरशीवर आपट. मी लोखंडाची आहे, मला काही होत नाही. तू लोखंडाची नाहीस.