आवाज न करणारी बस

आमचे हे बावीस वर्षं शाळेची बस चालवतात. त्यातली नऊ वर्षं मी त्याच बसमध्ये मदतनीस आहे. मुलं त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात, मला मावशी. जुनी डिझेलची गाडी कोपऱ्यावर वळली की साऱ्या गल्लीला कळायचं. धूर इतका, की संध्याकाळी रुमाल धुतला तर पाणी काळं. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी जिवाचं रान करून बॅटरीवरची बस आणली. धूर गेला, खडखडाट गेला. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे!

हे मात्र तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "अगं, मुलं वळून बघत नाहीत."

"कशाला बघतील? तुम्ही काय नवरदेव आहात?"

ते हसले नाहीत. "गाडीला आवाजच नाही. मागे घेताना वाजणारा भोंगाही अजून बसवलेला नाही. मी अगदी पाठीशी येऊन थांबतो, तरी पोरांच्या गप्पा चालूच. धडकी भरते मला."

मी ते हसण्यावारी नेलं.

सोमवारी शाळेच्या अंगणात मुलं उतरली. गाडी मागे घ्यायची तर मी उतरून मागे उभं राहायचं, हा आमचा नेम. पण त्या दिवशी कुणाचा तरी डबा सीटखाली घरंगळलेला दिसला. मागच्या काचेतून बघितलं, अंगण मोकळं होतं. मी पत्र्यावर दोन थापा मारल्या, म्हणजे 'येऊ द्या', आणि डबा काढायला वाकले.

गाडी हलली. डोकं वर केलं तर काचेच्या खालच्या कडेला एक पिवळी रिबीन. बघता बघता ती खाली गेली.

माझ्या तोंडून काय निघालं, ते आजही सांगता येणार नाही. गाडी गचकन थांबली. दारापर्यंत कशी पोचले देव जाणे. एकच विचार: आता खाली बघायचं कसं?

गाडीच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर पहिलीतली एक चिमुरडी उकिडवी बसून बुटाची नाडी ओढत होती. मला बघून म्हणाली, "मावशी, गाठच सुटत नाहीये."

मी तिला उचललं, ते खाली ठेववेना. हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "तुझी किंकाळी ऐकू आली म्हणून थांबलो. जुन्या गाडीत ती इंजिनातच विरली असती."

चूक माझी होती. नोकरी गेली असं धरूनच मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून बस फाटकाच्या आत आणायची नाही."

आता शेवटचा टप्पा मुलं माझ्याबरोबर चालत जातात. गाडी मागे घ्यावीच लागत नाही, भोंगाही बसलाय. हे म्हणतात, विसर आता. पण सगळी उतरली की मी गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाखाली वाकून बघते. कधीकधी दोनदा.