कार्बोरेटरचा मिस्त्री

मुर्रीच्या फाट्यावर भोजराज मेश्रामचं गॅरेज सव्वीस वर्षांपासून होतं. गाडी दारात येण्याआधीच तिचा आवाज ऐकून तो बिघाड सांगायचा. गोंदियातले मिलवाले, दूधवाले, शाळेचे मास्तर, सगळे त्याच्याकडे यायचे. गेल्या काही वर्षांत मात्र नव्या गाड्या त्याच्या हाताखालून निसटू लागल्या. त्यांत पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर नव्हता. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन होतं, सेन्सर होते, आणि त्यांचा बिघाड ऐकू येत नव्हता, तो स्क्रीनवर वाचावा लागत होता. ते वाचणं त्याच्या मुलीला, समीक्षाला, येत होतं. आयटीआय करून ती तीन वर्षं नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये राहिली आणि परत येऊन तिने गॅरेजच्या एका कोपऱ्यात आपलं टेबल मांडलं. हळूहळू गिऱ्हाईक आधी त्या कोपऱ्याकडे पाहू लागलं. भोजराज त्याबद्दल कधी काही बोलला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात खुशाल नावाचा माणूस गॅरेजवर आला. बोदलकसा जलाशयाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, बेहडाटोला नावाची वीस-बावीस घरांची वस्ती आहे. मासेमारी आणि थोडी धानाची शेती. खुशाल तिथल्या मासेमारांच्या सोसायटीचा अध्यक्ष. वस्तीपासून डांबरी रस्ता अडीच किलोमीटर, आणि मध्ये नाला. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावरच थांबायची आणि आजारी माणसाला खाटेवर घालून खांद्यावरून आणावं लागायचं. खुशालने दोन वर्षं अर्ज केले, तेव्हा एका कंपनीने वस्तीला एटीव्ही द्यायचं कबूल केलं. जाड चाकांची, चिखलात चालणारी चारचाकी मोटारसायकल, आणि मागे आजाऱ्याला निजवता येईल असा ट्रेलर.

"भोजराजभाऊ, कंपनीवाले दोन गाड्या दाखवून राहिले," खुशाल म्हणाला. "एक कार्बोरेटरची, एक इंजेक्शनची. आमाले त्यातलं काही समजत नाही. तुमी सांगाल ते घेऊ."

समीक्षा टेबलावरून उठून आली. "इंजेक्शनची घ्या, काका. कार्बोरेटरमधी पेट्रोल एका वाटीत साचून राहते. गाडी लई तिरपी झाली का ते उतू जाते, इंजिन गुदमरते. इंजेक्शनमधी पंप पेट्रोल ढकलते, गाडी कशीबी उभी राहो. तुमच्या नाल्याले चढ आहे ना?"

"आहे. खडा चढ आहे."

"आन जंगलात सेन्सर गेला तं?" भोजराज मध्येच म्हणाला. "पंप बंद पडला तं? नागपूरहून माणूस येईपर्यंत गाडी तिथंच कुजन. कार्बोरेटर एका पान्यानं खोलता येते. फुंकला, पुसला, लावला. तुमच्यातला कोणीबी शिकन."

यात खोटं काही नव्हतं. खुशालला हायसं वाटलेलं दिसलं, कारण हे त्याला समजलं होतं. तो गेल्यावर समीक्षा म्हणाली, "बाबा, तुमी तो नाला पाहिला काय?"

"पाहिला."

त्याने तो एकदाच पाहिला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी, मे महिन्यात, कोरडा असताना.

कार्बोरेटरची गाडी आली. ती चालवायचं काम शालीकराम नावाच्या मासेमाराने घेतलं. चाळिशीचा, शांत, हातात घेतलं ते नीट करणारा. भोजराजने त्याला बोलावून चार दिवस शिकवलं. पहिल्या पावसाळ्यात गाडीने अकरा आजारी माणसं रस्त्यावर पोचवली. एकदा ती सपाट पांदणीत बंद पडली, तेव्हा शालीकरामने फोनवर विचारत विचारत कार्बोरेटर साफ केला आणि पंधरा मिनिटांत निघाला. भोजराज महिनाभर ही गोष्ट गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. समीक्षा ऐकायची आणि काम करत राहायची.

दुसऱ्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास, भोजराजचा फोन वाजला. पलीकडे शालीकराम होता. धाप लागलेला.

"भाऊ, गाडी बंद पडली. नाल्याच्या चढावर. सुमित्राले साप चावला. परड आहे, मारून संग घेतला."

सुमित्राबाई त्याची बायको. धानाच्या शेतात, बांधीत, रोपं उपटताना तिच्या उजव्या हाताला परड, म्हणजे घोणस, चावली होती. शालीकरामने तिला दहा मिनिटांत ट्रेलरमध्ये घातलं होतं. शेजारची प्रेमिला तिला धरून बसली होती. तिरोड्याच्या दवाखान्यातून ॲम्ब्युलन्स निघाली होती. नाल्यातलं पाणी गाडीने बिनघोर ओलांडलं, आणि पलीकडच्या चढावर, जो यंदाच्या पावसाने खचून आणखी खडा झाला होता, नाक आभाळाकडे केलेलं असताना, ती दोनदा ठसकली आणि बंद पडली.

"पेट्रोलचा वास येते काय?" भोजराजने विचारलं.

"लई येते. खाली गळून राहिलं."

"घाबरू नको. चोक बंद कर. एक्सिलेटर पुरा उघड आन सेल मार."

फोनमधून सेलचा, म्हणजे सेल्फ-स्टार्टरचा, आवाज आला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

समीक्षा हात पुसत जवळ येऊन उभी राहिली होती. तिने अर्धं बोलणं ऐकून सगळं ओळखलं. "बाबा, गाडी तिरपी आहे तोवर चालू नाही होत. त्याईले सांगा, बाईले उचलून न्या."

भोजराजने तिला हाताने थांबवलं. "शालीकराम, प्लग काढ. ओला असन. पुसून लाव."

"काढतो."

"बाबा, रस्ता तिथून किती आहे?"

"एक किलोमीटर असन. थांब ना तू. दोन मिनिटांत चालू होते."

प्लग काढला, पुसला, लावला. पुन्हा सेल. पुन्हा काही नाही. शालीकरामने चाकामागे दगड लावले होते, तरी लाल मातीत गाडी बोट बोट मागे सरकत होती. भोजराजने वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करायला सांगितला. मग पेट्रोलचा कॉक बंद करून सेल मारायला सांगितलं. प्रत्येक गोष्ट बरोबर होती. सपाट जागेवर त्यातल्या कुठल्याही एका गोष्टीने गाडी सुरू झाली असती. मधूनमधून प्रेमिलाचा आवाज येत होता: हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊन राहिलं. भोजराजला ते ऐकू येत होतं. त्याचं लक्ष मात्र सेलच्या आवाजावर होतं, जो दर वेळी जरा अधिक जड येत होता. बॅटरी उतरत चालली होती.

"भाऊ, तिले उचलून नेऊ काय?" शालीकरामने स्वतःच विचारलं.

"नको, नको. आता होतेच. एकवार अजून मार."

समीक्षाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "काका, गाडी सोडा. बांधीतल्या माणसाईले हाक मारा. बाईले हात हलवू देऊ नका, उचला आन निघा. आताच्या आता."

तिने फोन परत दिला नाही. खिशात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शालीकरामचा फोन आल्यापासून अडतीस मिनिटं झाली होती. थोड्या वेळाने प्रेमिलाचा फोन आला, आम्ही ॲम्ब्युलन्सपाशी पोचलो म्हणून. चार माणसांनी ट्रेलरमधल्या गादीसकट सुमित्राबाईला उचलून नेलं होतं. त्यांना अठरा मिनिटं लागली.

सुमित्राबाई जगली. तिरोड्याला सापाच्या विषावरची इंजेक्शनं दिली आणि लगेच गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, डायलिसिस सुरू झालं. पुढच्या आठवड्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. ती वस्तीत जाळी विणणारी बाई होती. सगळ्या टोल्याची जाळी तिच्याकडे दुरुस्तीला यायची.

भोजराज दवाखान्यात गेला. शालीकराम व्हरांड्यात फरशीवर बसला होता. त्याला पाहून तो उठला आणि त्याने भोजराजचा हात धरला.

"तुमी फोनवर होते म्हणून धीर होता, भाऊ," तो म्हणाला. "माहीच चुकी झाली. मलेच गाडी नीट घेता नाही आली चढावर. डॉक्टर म्हणते, जरा लवकर आणली असती तं बरं झालं असतं. बोटं वाचली असती का, ते म्हणे सांगता येत नाही."

काय बोलायचं ते भोजराजला ठाऊक होतं. पण शालीकराम त्याच्यासाठी चहा आणायला निघाला, आणि चहा आल्यावर तो भोजराजने घेतला. बाहेर येऊन तो बराच वेळ सायकल स्टँडजवळ उभा राहिला. मग घरी आला. त्याची बायको अल्काने जेवायला वाढलं, तो बसला आणि तसाच उठला.

"काय झालं?" अल्काने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तं जेव ना."

समीक्षा समोर बसून जेवत राहिली. त्या दिवसापासून बापलेकीत गाडीचा विषय निघाला नव्हता. तिने एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. तिने म्हणावं असं त्याला वाटत होतं.

महिन्याभराने खुशालचा निरोप आला. कंपनी गाडी बदलून द्यायला तयार होती. सोसायटीच्या शेडमध्ये बैठक होती आणि या वेळीही भोजराजभाऊंनीच सांगावं असं लोकांचं म्हणणं होतं. भोजराज समीक्षाला घेऊन गेला. जाताना नाल्यापाशी त्याने मोटारसायकल थांबवायला लावली आणि तो चढ खालून पायी चढून पाहिला. मध्ये एका ठिकाणी त्याला हात टेकावे लागले.

शेडमध्ये तीसेक माणसं होती. शालीकराम पुढे बसला होता. भोजराज उभा राहिला.

"इंजेक्शनची घ्या," तो म्हणाला. "माही पोरगी तेव्हाच सांगत होती. मी नाही ऐकलं. जंगलात दुरुस्ती होत नाही असं मी बोललो, ते खोटं नव्हतं. पण माह्या मनात ते एकटंच नव्हतं. मले इंजेक्शनचं काम येत नाही. ती गाडी आली असती तं तुमी पोरीकडे गेले असते, माह्याकडे नाही. मी नाल्याचा इचार नाही केला. माहा केला."

त्याला तिथेच बसता आलं असतं. तो बसला नाही.

"आन त्या दिवशी फोनवर. शालीकरामची काही चुकी नव्हती. त्या चढावर कोणाच्याबी हातून ती बंद पडली असती. समीक्षा बाजूले उभी राहून म्हणत होती, बाईले उचला. मी सांगितलं नाही. शालीकरामनं सोताहून विचारलं तेव्हाबी मी नको म्हटलं. मले गाडी चालू झालेली पायजे होती."

शालीकरामने विचारलं, "पोरगी कवा म्हणाली?"

"सुरुवातीलेच. दोन-तीन मिनिटांत."

शालीकराम खांद्यावरचा दुपट्टा नीट करून उठला आणि जलाशयाच्या बाजूने निघून गेला. खुशालने समीक्षाला विचारलं, की इंजेक्शनची गाडी कधी बंद पडणार नाही ना?

"पडन," समीक्षा म्हणाली. "बॅटरी गेली, पंप गेला, तं तिथं काहीच करता येणार नाही. बाबा म्हणत होते ते खरं आहे. म्हणून एक लिहून ठेवा. गाडी पाच मिनिटांत चालू नाही झाली का सोडायची आन माणूस उचलायचा. मग कोणाचा फोन लागो का न लागो."

नवी गाडी दिवाळीआधी आली. शिकवायला समीक्षा दर रविवारी टोल्यावर जायची. भोजराजही मागच्या सीटवर बसून जायचा, आणि ती काय दाखवते ते इतरांबरोबर उभा राहून पाहायचा. फ्यूज कुठे, पंपाचा आवाज कसा ऐकायचा, कुठला दिवा लागला म्हणजे काय. शालीकरामही यायचा. समीक्षाला विचारायचं ते विचारायचा. भोजराजशी तो बोलत नव्हता.

तिसऱ्या रविवारी भोजराज त्याच्या घरी गेला. सुमित्राबाई दवाखान्यातून येऊन पंधरा दिवस झाले होते. किडन्या चालू झाल्या होत्या, पण चेहरा अजून सुजलेला होता. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर, पांढऱ्या फडक्यात. पुढ्यात जाळं होतं आणि एक शेजारीण ते विणत होती. सुमित्राबाई तिला गाठ कशी घ्यायची ते तोंडाने सांगत होती.

"जय भीम," भोजराज म्हणाला.

"बसा."

तो पायरीवर बसला. सुमित्राबाईची नजर शेजारणीच्या हातावरच होती.

"बैठकीतलं मले प्रेमिलानं सांगितलं," ती म्हणाली. "माहा नवरा दवाखान्यात रोज मले माफी मागत होता. म्हणे माह्यानंच गाडी नीट नाही चालली. आता नाही मागत."

"माफी मी मागाले आलो."

"ते समजलं मले." तिने जाळ्यातली एक गाठ डाव्या हाताने चाचपून पाहिली आणि शेजारणीला ती सोडायला सांगितली. "बरं केलं तिथं सांगितलं. पण आता मले तुमच्याशी बोलावंसं वाटत नाही. तुमी जा."

भोजराज उठला. अंगण ओलांडून बाहेर आला. समीक्षा मोटारसायकलपाशी थांबली होती.

"काय म्हणाल्या?"

"जा म्हणाली."

समीक्षाने गाडीला किक मारली आणि तो मागे बसेपर्यंत थांबली.