तिसरं कडवं

इस्त्री उभी राहिली की समजावं, कुठेतरी माशी शिंकली.

*

‘मीठ कमी आहे’ हे शब्द अंत्यविधीच्या चालीत चपखल बसतात. फक्त ‘आहे’ जरा ओढावं लागतं.

*

‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावली, की येणारा-जाणारा बोट लावून खात्री करतोच.

*

बोलणं डोक्याच्या एका बाजूला राहतं, गाणं बरंचसं दुसऱ्या. एक घर जळलं तरी शेजारचं शाबूत राहू शकतं. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

*

दार उघडं ठेव, प्रभू, मला उशीर होईल.

कडवं पहिलं

ही ओळ पाळकांची. त्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ गीतं लिहिली, पण लोकांच्या ओठी बसलं ते हे. कुणी गेलं की मंडळी हेच गात. ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही, तेही शेवटच्या वाटेला हेच गीत मागून घेत. “वशिला लावून ठेवतात लेकाचे,” असं कुलूपकाका म्हणत. कुलूपकाका म्हणजे चर्चचे कारभारी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, जिभेला मात्र कुलूप नाही.

पाळकांना अभ्यासाच्या खोलीत फक्त प्रवचनं सुचत. गीतं सुचत ती स्वयंपाकघरातल्या मेजावर. शेजारी बायको कपड्यांना इस्त्री करत असे. ओळ जुळली की ते ती मोठ्याने वाचत. जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला एका दमात म्हणता आली पाहिजे, एवढीच लांबी. दूधवाल्याशी बोलताना वापरता येणार नाही असा शब्द देवाशीही वापरायचा नाही, हा दुसरा नियम. आणि तिसरा नियम म्हणजे ती इस्त्री. ती फिरत राहिली तर ओळ पास. ती उभी राहिली की बाई दोन शब्द बोलत: “हे नको.”

का नको, ते कधीच सांगत नसत. पाळक चिडत, शास्त्राधार काढत, गाल फुगवून जेवायला उशिरा येत. दुसऱ्या दिवशी ती ओळ गेलेली असे.

त्यांची लेक याच मेजाखाली खेळत लहानाची मोठी झाली. आठवडाभर ती शाळेत गणित शिकवी आणि रविवारी ऑर्गन वाजवी. लहानपणी तिला वाटे, आपल्या घरात देव इस्त्रीतून बोलतो. मोठेपणी तिचं मत फारसं बदललं नव्हतं. वडिलांचं तिला कौतुक वाटे ते गीतांपेक्षा या दुसऱ्या दिवसाचं. एवढं नाव झालेला माणूस, दोन शब्दांवर स्वतःची ओळ खोडतो.

कडवं दुसरं

एका सकाळी बाईंना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डोळ्यांत सगळं समजत होतं, तोंडातून मात्र नुसता “ता, ता” निघे. नंतर त्यांनी तेही बंद केलं. मानी बाई.

पाळक सकाळी त्यांचे केस विंचरत. एकदा विंचरता विंचरता सवयीने ‘दार उघडं ठेव’ गुणगुणत होते, बेसूर, नेहमीसारखं. आणि बाईंनी मागून ओळ पुरी केली. सुरात. शब्दांसकट.

लेक दारात चहा घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही, कारण पाऊल वाजलं तर ते थांबेल अशी भीती.

त्या दिवसापासून पाळकांनी हातातलं सगळं बाजूला सारलं. ओळखीच्या चालींवर ते घरातले शब्द बसवू लागले. पाणी दे. खिडकी उघड. मीठ कमी आहे. बाईंचा डावा हात मेजावर धरून ते एकेका अक्षराला थाप देत, पुन्हा, पुन्हा, शाळेतल्या बाईंना लाजवील अशा चिकाटीने. बाई एकेक शब्द डोंगरावरून दगड उतरवावा तसा खाली आणत.

“पाळकसाहेब,” कुलूपकाका म्हणाले, “काल तुमच्या खिडकीतून अंत्यविधीचं गीत ऐकलं. टोपी काढून उभा राहिलो. तर मीठ कमी पडलेलं.”

“मग आत येऊन मीठ द्यायचं होतंत.”

“तसं नाही, मंडळीत कुजबुज आहे. पवित्र चाली आहेत म्हणतात.”

“तहान लागणं अपवित्र आहे असं कुणाचं म्हणणं आहे का? असलं तर पाठवा माझ्याकडे.”

कुणी आलं नाही. पण काका ज्या कामाला आले होते ते राहिलंच. चर्चची नवी इमारत उभी राहिली होती, बाकांचा निळा रंग वाळत होता, आणि अर्पणविधीला पाळकांचं नवं गीत हवं होतं. गीत तयारही होतं. पाळक ते देत नव्हते.

“आईने ऐकलंय,” ते लेकीला म्हणाले. “मान हलवली. पण माझं मन घेत नाही.”

“बाबा, ती सगळ्यालाच मान हलवते. काल मीटर बघायला आलेल्यालाही हलवली.”

“मग काय करू? तिला विचारतोय तर खरं.”

लेक भांडी पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. “पाणी मागायला शिकवलंत, मीठ मागायला शिकवलंत. ‘नको’ कुठे शिकवलंत?”

पाळक हळू म्हणाले, “स्तुतिगीतात ‘नको’ येत नाही गं. कुठल्या चालीवर बसवू?”

“आईच्या बोलण्यात तर दुसरं काही येतच नव्हतं.”

लेकीला वाटलं, ते हसतील. ते उठले, बायकोशेजारी जाऊन बसले आणि तिचा डावा हात मेजावर घेतला. चाल त्यांनी आपल्या सर्वांत लाडक्या गीताची घेतली, ‘दार उघडं ठेव’चा अगदी शेवटचा तुकडा. तीन थापा. हे. न. को.

आपल्याच गळ्याला दोर वळावा तसं ते शिकवत होते, आणि त्यात कुठेही कसर नव्हती.

बाईंनी पहिला ‘हे नको’ औषधाला म्हटला. दुसरा लोकरीच्या शालीला. तिसरा दारात आलेल्या कुलूपकाकांना. काका म्हणाले, “सुधारणा आहे, बरं का,” आणि तरीही आत येऊन बसले.

कडवं तिसरं (काढलेलं)

काका छापायला गीत न्यायलाच आले होते. पाळकांनी कागद घेतला आणि बायकोसमोर उभे राहिले.

पहिलं कडवं गवंड्यांच्या हातांचं होतं. बाईंचं डावं बोट मेजावर ताल धरून राहिलं. दुसरं होतं रिकाम्या बाकांचं, अजून न आलेल्या माणसांसाठी राखलेल्या. बोट चालूच.

मग तिसरं.

धन्य ती शांतता, जी दिलीस घरी धाडून,
शब्द नेलेस, प्रभू, स्तुती दिलीस वाढून.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी रुमाल काढला.

बोट थांबलं होतं.

“हे नको,” बाई गायल्या.

पाळकांनी घसा खाकरला आणि तेच कडवं पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. पाळकांची खोड ती. ऐकू आलं नाही म्हणून पटलं नसेल, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

“हे नको.” स्वर तसूभरही हलला नाही.

“अहो, तेच तर खरं कडवं,” काका म्हणाले. “लोक रडतील.”

“रडतील,” पाळक म्हणाले. “तुम्ही रडलात, पोर रडली.” ते बायकोकडे बघत होते. “जिचे शब्द गेले, ती रडत नाहीये.”

या खेपेला ते भांडले नाहीत, शास्त्राधार काढला नाही. दुसऱ्या दिवसाची वाटही पाहिली नाही. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी दोन्ही ओळींवर काट मारली, आणि मग कागद खाली ठेवून बायकोचा हात हातात घेतला. “माझं चुकलं,” म्हणाले. “तुझं दुःख मी परस्पर देऊन टाकत होतो.”

बाईंनी मान हलवली. पण लेकीने नीट पाहिलं: हे हलवणं वेगळं होतं.

रविवारी नवं चर्च खच्चून भरलं. दोन कडवी झाली आणि लेकीने ऑर्गनवरून हात उचलले. पाळकांच्या गीताला तीन कडवी असायचीच, त्यामुळे लोक श्वास भरून उभे राहिले, तोंडं अर्धी उघडी. पुढच्या बाकावर बाई बसल्या होत्या. नवे शब्द त्यांना गाता येत नव्हते. त्यांचं डावं बोट बाकावर ताल देऊन नुकतंच थांबलं होतं, आणि त्या बोटाला निळा रंग लागला होता.

आज तीन कडव्यांचं असलेलं ‘दार उघडं ठेव’ लिहिलं ते लग्नाच्या वर्षी, आणि तेव्हा त्याला सात कडवी होती.