मागच्या सीटवरचे दात

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाच व्हॉनेटाने ती एंजिनच्या आवाजावरून ओळखली. तो आवाज आधी तिच्या पोटात पोचला आणि मग कानात. हातातल्या कात्रीला ती धार लावत होती. ती कात्री तिने सावकाश, टोक भिंतीकडे करून, खाली ठेवली.

तिचा भाऊ हॉबर्ट गाडी तिच्या दुकानात घेऊन आला. सत्तर सालची, दोन दारांची, गडद निळी, आत पांढऱ्या रेक्झिनच्या सीटा. वडील हिवाळ्यात गेले आणि गाडी त्याच्या नावावर झाली. व्हॉनेटाच्या वाट्याला काय आलं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही नाही. यप्सिलँटी या मोटार कारखान्यांच्या गावात मोटारींच्या सीटा आणि छतांची अस्तरं शिवणाऱ्यांत तिच्या हाताला तोड नव्हती, म्हणून इतक्या वर्षांनी त्याला बहीण आठवली होती.

गाडीला कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात लावला नव्हता, आणि हॉबर्टचा सगळा तोरा त्यातच होता. नव्याने सजवलेल्या गाडीकडे लोक कौतुकाने बघतात. पण जशीच्या तशी जगलेली गाडी दिसली की आवाज खाली येतात, टोप्या निघतात. शनिवारी मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. परीक्षक विजेऱ्या घेऊन सीटांखाली वाकणार, आणि मालकाने शेजारी उभं राहून प्रत्येक डागाची, प्रत्येक ओरखड्याची कहाणी सांगायची, अशी तिथली रीत होती. मागच्या सीटची एक शिवण मात्र उसवली होती. ती जुन्याच भोकांतून, जुन्याच रंगाच्या दोऱ्याने अशी मिटवायची, की सुई लागल्याचं कुणाला कळू नये.

हॉबर्टने पुढची सीट वाकवून आत डोकं घातलं आणि पांढऱ्या रेक्झिनवरच्या अर्धचंद्रासारख्या खोल खुणांवर बोट ठेवलं.

"आणि हे असंच राहू दे. आपल्या कुत्र्याचे दात आहेत. लोकांना फार आवडतं हे."

"आपल्याकडे कुत्रा कधी होता?"

"होता ना. तू लहान होतीस तेव्हा."

"तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहेस, हॉबर्ट. तीस नाही."

तो हसला. मग पुढच्या कप्प्यातून त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आहेर द्यावा तसं तिच्यापुढे धरलं. मागच्या सीटचा पट्टा होता तो, टोकाला पोलादी बकल असलेला. डॅडींनी इतकी वर्षं जपून ठेवला होता, तेवढा जागेवर बसवून टाक, म्हणजे गाडीत काही उणं राहणार नाही, असं तो म्हणाला.

व्हॉनेटाने बकल तळहातावर घेतलं. त्याची एक कड गोलसर होती. सीटवरच्या प्रत्येक खुणेत ती कड अचूक बसली असती. व्हॉनेटाच्या डाव्या खांद्याखालीही बसली असती, आणि मांडीवर दोन ठिकाणी.

काम करते, ती म्हणाली. त्याबद्दल तिला एक सेंटही नको होता. फक्त गाडी न्यायला येशील तेव्हा या खुणा कसल्या ते माझ्यासमोर, तुझ्या तोंडाने सांगायचं. हॉबर्टने खांदे उडवले. सांगितलं ना, कुत्र्याच्या, असं पुटपुटत तो बाहेर बायकोच्या ट्रकमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तिने सीटच्या कडेला गुडघा रेटला आणि सीट उपटून काढली. कव्हर आवळून धरणाऱ्या तारेच्या कड्या पकडीने तोडल्या. एकेक कडी तुटताना हाड मोडल्यासारखा आवाज होई. मग रेक्झिन सोलून तिने उलटं पसरलं. खालचा स्पंज वाळून पिवळी भुकटी झाला होता; तो झाडून तिने तिथे नवा कापून बसवला. उलट्या बाजूने त्या खुणा अधिक खऱ्या दिसत होत्या. तिथे पांढरेपणाचा आडोसा नव्हता, नुसती आरपार फाटलेली तोंडं होती.

तो पट्टा बापाने स्वतः खिशातल्या चाकूने कापला होता. आई एका मार्च महिन्यात केंटकीला, डोंगरातल्या आपल्या माणसांकडे निघून गेली, ती परत आलीच नाही. आणि व्हॉनेटाचे ओठ आईसारखे होते. एवढं कारण बापाला, एस्टिलला, पुरे होई. कारखान्यातली पाळी संपवून, पोरांना घेऊन निघाला की खडीच्या रस्त्यावर तो गाडी थांबवी, एंजिन चालूच ठेवी, पुढच्या सीटवर उलटा गुडघे टेकून बसे आणि पट्टा फिरवी. मागे दार नव्हतं. पुढच्या कुणी सीट वाकवल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येत नसे. आणि पुढे, बापाशेजारी, हॉबर्ट असे. त्याने कधी मान वळवली नाही. भावाच्या चेहऱ्यापेक्षा त्याची मानच तिला जास्त पाठ होती, केस कापल्यावर राहणारी पांढरी रेघ, कानामागचा तीळ. हुकलेले घाव सीटने घेतले. न हुकलेले तिने. रक्त रेक्झिनवरून पुसलं जाई. शिवणीतला दोरा मात्र ते पिऊन टाकी, आणि आता उसवलेल्या टाक्यांत तिला ते तपकिरी, कडक होऊन बसलेलं दिसत होतं.

तिने त्याच भोकांतून वाकडी सुई घातली. टाके सरळ, एकसारखे पडत गेले, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

शुक्रवारी दुपारी हॉबर्ट आला तेव्हा सीट जागेवर होती. तो खूश झाला. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि सुई कुठे लागली ते त्याला सापडलं नाही. मागे बसून बघ, ती म्हणाली, परीक्षक तसंच बघतील. तो धापा टाकत, पोट सावरत आत शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या सीटवर बसत असावा. गुडघे कुठे ठेवावेत हे त्याला समजेना.

व्हॉनेटाने पुढची वाकवलेली सीट मागे लोटून सरळ केली. तिच्यावर उलटी, गुडघे टेकून बसली. पट्ट्याचा एक वेढा तळव्याभोवती आवळला होता.

"हा कसला खेळ, व्हॉनी?"

"कुत्र्याचं नाव काय होतं?"

"वेडी आहेस का तू? सीट वाकव, मला उतरू दे."

"नाव सांग."

"रस्टी," तो म्हणाला. "रस्टी होतं."

बकल त्याच्या कानाजवळून गेलं आणि सीटच्या पाठीत घुसलं. रेक्झिन फाटून आतला नवा स्पंज बाहेर आला. हॉबर्टने आधी त्या भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सीट!" तो ओरडला. "अगं, सीट फाटली!"

दुसरा घाव त्याच्या हातावर बसला. कोपराखाली कातडी उघडली. क्षणभर ती जखम पांढरीच राहिली आणि मग भरून आली. त्याने दाराकडे हात टाकला. हाताला नुसती भिंत लागली. त्याच्या घशातून निघालेला आवाज तिच्या ओळखीचा होता, पण त्याच्या तोंडून तिने तो कधी ऐकला नव्हता. तिचं मनगट मागे गेलं. ते कसं जातं, किती मागे, कुठल्या क्षणी सैल सोडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फक्त समोर बसून तिने ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

तिने तिसरा घाव उगारला, आणि तो सुटण्याआधीच हॉबर्ट बदलला. डावं कोपर कानावर, हनुवटी छातीत, गुडघे पोटाशी, पाठ अर्धी काचेकडे. साठीकडे झुकलेला तो जाडजूड माणूस एका विशिष्ट तऱ्हेने लहान झाला. ती तऱ्हा तिची होती. अंगठा मुठीत दाबून धरण्यापर्यंत तिची होती. मान न वळवणाऱ्या मुलाला ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पट्टा हवेतच राहिला.

"तू बघत होतास," ती म्हणाली.

त्याने कोपर खाली घेतलं नाही.

"आरशातून," तो म्हणाला. "आरसा मी वळवून ठेवायचो. तू जिवंत आहेस ना, ते बघायला."

"आणि मग?"

"मग काही नाही. बघायचो."

"त्या खुणा कसल्या?"

"डॅडींनी मारलं. बकलाने. तुला." प्रत्येक शब्द त्याने उलटीसारखा बाहेर काढला. "मी पुढे बसलो होतो."

त्याचा हात खाली आला. रक्त मनगटावरून ओघळून सीटवर ठिबकत होतं, आणि त्याने ते पुसलं नाही. दुकानात मागे कुठेतरी हवेचा पंप आपोआप सुरू झाला आणि बंद पडला. व्हॉनेटाला आणखी एक मारायचा होता. हे तिला अगदी स्वच्छ, तहान लागावी तसं कळत होतं.

"ही सीट काढून टाक," तो म्हणाला. "जाळ. दुसरी बसव."

"नाही. ही राहील. उद्या मैदानात कुणी विचारलं तर आत्ता सांगितलंस ते सांगायचं."

"लोक गाडी बघायला येतात, व्हॉनी."

"मग बघू देत."

तिने खाली उतरून पुढची सीट वाकवली. हॉबर्ट आधी एक पाय, मग गुडघा, मग खांदा असा वेडावाकडा बाहेर आला. तिने हात पुढे केला नाही. फडकं मात्र दिलं, आणि ते त्याने जखमेवर गुंडाळलं. स्टिअरिंगमागे बसण्यापूर्वी तो वळला, आत फाटलेल्या जागेकडे पाहत उभा राहिला.

"आणि या नव्याचं काय सांगू?"

"बहिणीने फाडलं म्हणून सांग. शुक्रवारी."

त्याने मान हलवली. ती होकाराची की आणखी कशाची, हे तिला त्या पाठमोऱ्या मानेवरून ओळखता आलं नाही. गाडी शटरखालून बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत माणसाच्या चालीने गेली.

व्हॉनेटा नळाशी आली. तोटी फिरवायला उजवा हात उघडेना. पट्टा अजून तळव्याभोवती होता आणि बोटं त्याच्यावर घट्ट मिटलेली. तिने डाव्या हाताने पाणी सोडलं, मूठ धारेखाली धरली, आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट जोर लावून सोडवू लागली.