दरोगाजींसोबत सिनेमा

उत्तरेत गंगेकाठी, दुर्गाघाटावरच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात यंदा दुपारच्या प्रवचनाऐवजी सिनेमा ठरला. जुना, गाजलेला, लाचखोर फौजदाराचा. प्रमुख पाहुणे म्हणून हद्दीतल्या दरोगाजींना, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांना, बोलावलं, कारण मिरवणुकीची परवानगी तेच देतात. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दरोगाजींना तर मुळीच नाही.

मंडळाचे चिटणीस ढुंढिराज पुराणिक त्यांच्या शेजारी बसले होते, पण अंग चोरून. शेजारच्या पंचगंगा घाटावरचा नावाडी लल्लन मल्लाह कोठडीत होता. दरोगाजींच्या पाहुण्यांकडे त्यानं नावेचं भाडं मागितलं. मग भल्या सकाळी पायऱ्यांवर दरोगाजींनी लाठीनं त्याचा हात मोडला आणि वर चोरीचा खटला लावला. ढुंढिराज तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात संध्या करत होते. लल्लनची बायको दारात येऊन रडली, तर म्हणाले, "हम तो संध्या में थे, आँख बंद थी।"

पडद्यावर फौजदारानं एका हमालाला बडवलं. समोरचा पानवाला कोर्टात मान खाली घालून म्हणाला, मी काही पाहिलं नाही. मांडव खवळला. "कायर कहीं का!"

"ऐसे ही डरपोक लोगों के चलते देश डूब रहा है, पुराणिकजी," दरोगाजी अगदी मनापासून म्हणाले.

"बिलकुल," ढुंढिराज म्हणाले.

मागून शरदिनीबाई, त्यांच्या पत्नी, हळूच वाकल्या. "अहो, पानवाल्याला कशाला नावं ठेवता? त्याचं पोट ठेल्यावर आहे. तुम्हाला पेन्शन आहे."

"मी संध्येत होतो."

"अर्घ्य देत होतात, सूर्याकडे बघून. डोळे मिटून कधीपासून द्यायला लागलात?"

"हा मिरवणूक अडवेल."

"अडवू दे. गणपतीला घाई नाही. लल्लनच्या घरी मात्र चूल बंद आहे. पडद्यावरच्या फौजदाराला आपण सगळेच शिव्या देतो, कारण तो आपल्याला ओळखत नाही."

सिनेमातला हमाल कोठडीतच मेला. दिवे लागले. आभार मानायला ढुंढिराज उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"दरोगाजी, लल्लन ने चोरी नहीं की। आपने उसे मारा। मैंने देखा है, और अदालत में कहूँगा।"

पानवाल्याला कायर म्हणणाऱ्या मांडवानं माना खाली घातल्या. काही जण चपला शोधू लागले. दरोगाजी शांतपणे उठले. "पिक्चर अच्छी थी," म्हणाले आणि गेले.

मिरवणुकीची परवानगी रद्द झाली. गल्लीतल्या लोकांनी ढुंढिराजांशी बोलणं सोडलं. कोर्टात त्यांच्यासोबत फक्त शरदिनीबाई होत्या. साक्षीमुळे लल्लन सुटला, पण त्याचा हात वल्हं धरण्याजोगा राहिला नाही. ढुंढिराज तोंड उघडायला जितके दिवस थांबले, तितके दिवस तो हात उपचारावाचून कोठडीत होता.

तेव्हा मंडळी, एवढंच ध्यानात ठेवा. लाचखोर अधिकारी एकट्याच्या बळावर काही करू शकत नाही. त्याला आपल्यासारख्या सज्जनांच्या गप्प बसण्याची मदत लागते. आणि त्याच्याकडून लाच न घेता ती मदत करणारे आपणच असतो.