सुंदराआत्याची फायरवॉल

"नाव ल्या, मंग घरमा या!"

सुंदराआत्याचा हा आवाज लहानपणापासून सुकदेवच्या कानात मुक्कामाला होता. अमळनेरकडच्या त्यांच्या गावात वरात दारी आली, की आत्या उंबऱ्यावर दोन्ही हात पसरून उभी. नवरानवरीने उखाण्यात एकमेकांचं नाव घेतलं, तरच हात खाली. स्वतःच्या लग्नात मात्र सुकदेव लाजला आणि आत्याच्या हाताखालून वाकून घरात पळाला. नूतनने त्याचं नाव घेतलं होतं. त्याने तिचं घ्यायचं तेवढं राहून गेलं. आठ महिने झाले, तिच्या "अहो"त अजून एक बारीक खडा लागतो.

सुरतेला बमरोलीच्या मिलमध्ये तो कापडाचे ताके मोजायचा. क्लास लावून कॉम्प्युटर शिकला. मिलचं गोदाम इच्छापोरला, नूतन तिथे कामाला. दोन्हीकडची मशीनं तारेने जोडलेली. गोदामातल्या कोपऱ्यातलं एक मशीन म्हणजे उंबरा. येणाऱ्या माहितीच्या पाकिटांतलं कुठलं आत सोडायचं आणि कुठलं नाही, ते त्या मशीनला शिकवायचं होतं. जयंतीशेठ म्हणाले, "चार वाजता चालू दिसलं तर खुर्ची तुझी. नाहीतर पाछो ताके मोज."

सुकदेवने बमरोलीत बसूनच नियम धाडले. पहिली ओळ: कुणालाही सोडू नये. दुसरी ओळ: बमरोलीच्या माणसांना सोडावं.

मशीन वरून खाली वाचतं. पहिली ओळ वाचली आणि त्याने हात आडवे केले. दुसरीपर्यंत ते गेलंच नाही. सुकदेवच्या कॉम्प्युटरचा पडदा होता तिथे थिजला.

"शुं थयुं?" शेठनी विचारलं.

"आत्यानं दार अडवलं," सुकदेवच्या तोंडून निघून गेलं.

पावणेचार. गोदामात मालाचं चलन निघेना, टेम्पो खोळंबला. बमरोलीतून आता सुकदेवलाही आत शिरता येईना; गोदामातल्याच कुणीतरी त्या मशीनवर बसायला हवं होतं. आणि गोदामात कॉम्प्युटर चालवणारी एकटी नूतन.

त्याने फोन लावला. "ऐक, कोपऱ्यातल्या मशीनवर बस. आत शिरलीस की पहिली ओळ काढून शेवटी टाक. एवढंच."

"बसले. पासवर्ड मागतंय."

सुकदेवने आजूबाजूला पाहिलं. समोर शेठ, शेजारी गावचे सखारामकाका, नात्याने नूतनचे सासरे.

"अहो, पासवर्ड!"

"तुला माहीत आहे तो."

"मला काय माहीत? आठ महिन्यांत काही सांगितलंय का तुम्ही?"

"अगं, तुझंच ते..."

"माझं काय? डबा? चप्पल?"

"बोल ना रे भाऊ," सखारामकाका करवादले, "टेम्पोवाला कावी गया!"

"इंग्रजीत पाच अक्षरं," सुकदेव पुटपुटला. कानापासून मानेपर्यंत लाल.

 पलीकडून हलकेच, हसू दाबत, "कळलं. पण असं नाही. उखाण्यात घ्या, नाहीतर माझी बोटं चालत नाहीत."

"शेठ बसलेत इथे!"

"तेव्हा अख्खं गाव बसलं होतं. मी घेतलंच ना?"

"घरी घेतो, शपथ."

"घरचं दार तुम्ही कधीच ओलांडलंत. हेच एक उरलंय."

"अल्या, बोल ने!" शेठ घड्याळाकडे बघत ओरडले.

सुकदेव उठून उभा राहिला. का, ते त्यालाही कळलं नाही. डोळे मिटले, फोन दोन्ही हातांत धरला.

"इच्छापोरच्या गोदामाला बमरोलीची तार,
नूतनचं नाव घेतो, आता तरी उघड दार!"